आरोपापूर्वी पाट तपासा
जोडलेल्या शेतीयंत्रांवरील सायबर हल्ल्याचे मूळ शोधण्याविषयी काही विचार

पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धती शतकानुशतके चालत आली आहे. त्या पद्धतीत पाणी वाटणारा पाटकरी हा गावातील मोठा जाणता माणूस समजला जाई. शेवटच्या फडात पाणी कमी पोहोचले, तर तो लगेच कोणावर आळ घेत नसे. खांद्यावर फावडे टाकून तो पाटाच्या कडेने वर वर चालत जाई. येथे पाणी पुरते आहे काय, त्याच्या वर पुरते आहे काय, असे पाहत पाहत तो जेथे पाट फुटला असेल त्या जागी पोहोचे. तेथे गेल्यावरच पाट उंदराच्या बिळाने फुटला, जनावराच्या पायाने फुटला, की कोणी मुद्दाम फोडला, याचा निर्णय होई. आधी जागा, मग कारण आणि शेवटी माणूस, असा हा क्रम होता.

हा क्रम आज पुन्हा आठवण्याचे कारण असे की, आपल्या शेतातील पाणी आता केवळ पाटाने वाहत नाही; ते निरोपाने वाहते. देवपुरातील घरी बसून पाच कोसांवरील विहिरीचा पंप मोबाईलवरून चालू करता येतो. जळगाव जिल्ह्यातील केळीच्या बागांत ठिबकाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी आपोआप उघडतात व मिटतात. प्रधानमंत्री कुसुम योजनेतील सौर पंपांना दूरदेखरेखीची यंत्रणा जोडलेली असते आणि ती आपल्या सिमकार्डाच्या द्वारे पंपाची माहिती दूरवर पाठवीत असते. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. खळ्यावर कॅमेरा आहे. ही सर्व यंत्रे एकमेकांशी व बाहेरच्या जगाशी जोडलेली असल्यामुळे, जेथून आपला हुकूम आत जातो तेथूनच परक्याचा हुकूमही आत जाऊ शकतो. त्यालाच आपण सायबर हल्ला म्हणतो.

हल्ल्याचे तीन प्रकार

शेतकऱ्याच्या दृष्टीने या हल्ल्याचे तीन प्रकार मानता येतील. पहिला प्रकार म्हणजे परक्याने यंत्रास हुकूम देणे : रात्री पंप चालू होणे, व्हॉल्व्ह उघडे राहणे. दुसरा प्रकार म्हणजे खोटे मोजमाप : जमीन कोरडी असता ओली दाखविणे, किंवा तापमान चुकीचे नोंदविणे. तिसरा प्रकार सर्वांत गुप्त होय. त्यात आपले यंत्र वरवर नीट चालते. पण त्याच्या आडून दुसऱ्याच कोणावर हल्ला केला जातो.

हा तिसरा प्रकार रावेर-यावलच्या केळी बागाईतदारांना समजावून सांगण्याची गरज नाही. केळीवरील हरण्या रोग पानावर दिसतो. परंतु त्याचा विषाणू अनेकदा बांधावरील काकडीवर्गीय तणांत दडलेला असतो आणि मावा त्याला बागेत आणून सोडतो. रोगट झाड हे रोगाचे घर असते, रोगाचे मूळ नव्हे. सन 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या दुष्ट प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व इंटरनेटची घरगुती यंत्रे अशीच पछाडली होती. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द, म्हणजे ज्याला आपण पासवर्ड म्हणतो तो, मालकांनी बदललेला नव्हता, एवढीच त्यातील उणीव. 21 ऑक्टोबर 2016 रोजी अशा यंत्रांच्या झुंडीने अमेरिकेतील मोठमोठ्या संकेतस्थळांचे काम ठप्प केले. हल्ला ज्या पत्त्यांवरून झाला ते पत्ते निरपराध कुटुंबांचे होते. ती प्रणाली रचणारे तरुण निराळेच होते व त्यांनी 2017 साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. तात्पर्य, ज्या पत्त्यावरून हल्ला आला तोच हल्लेखोर असे मानणे म्हणजे हरण्याचे झाड हेच हरण्याचे मूळ मानण्यासारखे आहे.

पंपगृहाची एक शिकवण

मूळ कसे शोधावे, याचे एक जुने पण बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियातील मरूची या भागातले आहे. तेथे सांडपाणी वाहून नेणारी सुमारे दीडशे पंपगृहे रेडिओच्या लहरींनी नियंत्रित केली जात. सन 2000 च्या आरंभी या पंपगृहांत विचित्र बिघाड होऊ लागले. पंप चालू व्हावयाच्या वेळी चालू होईनात, धोक्याची सूचना मिळेना. सुमारे आठ लाख लिटर मैला उद्यानांत व ओढ्यांत गेला. प्रथम सर्वांनी यंत्रणा नवी असल्याने दोष असेल असे मानले. पुढे तेथील एका अभियंत्याने निरोपांची बारकाईने नोंद ठेवली, तेव्हा क्रमांक 14 च्या पंपगृहाकडून विपरीत निरोप येत असल्याचे दिसले. त्या पंपगृहाचे यंत्र तपासले असता ते निर्दोष निघाले. मग त्याने एक साधी युक्ती केली. त्या पंपगृहाचा ओळखक्रमांकच बदलून 3 असा केला. यानंतरही 14 या क्रमांकाने निरोप येतच राहिले. खरे पंपगृह तर आता 3 या क्रमांकाने बोलत होते. अर्थात 14 म्हणून बोलणारा कोणी तोतया होता, हे सिद्ध झाले. एप्रिल 2000 मध्ये रेडिओ व संगणक गाडीत घेऊन फिरणारा एक इसम पकडला गेला. ती यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीत तो पूर्वी नोकरीस होता. पुढे त्यास दोन वर्षांची शिक्षा झाली.

या हकिकतीत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, नोंद ठेविली म्हणून हल्ला ओळखता आला. दुसरी, संशयित यंत्र निर्दोष आहे हे आधी तपासून मगच पुढचे पाऊल टाकले गेले. तिसरी, आत शिरणारा मनुष्य दूरदेशीचा चोर नव्हता; यंत्र बसविणाऱ्यांपैकीच तो एक होता.

आपल्याकडील अनुभव

मूळ शोधण्याची घाई किती घातक असते याचा धडा आपल्याच राज्याने घेतला आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई या भागांतील वीज गेली व लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. सन 2021 च्या मार्च महिन्याच्या सुमारास एका अमेरिकन कंपनीचा अहवाल प्रसिद्ध झाला. चीनशी संबंध असलेल्या एका गटाने भारतीय वीज यंत्रणेत शिरकाव केल्याचे त्यात म्हटले होते. परंतु मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झाल्याचा दावा त्यात नव्हता. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखविली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र वीज जाण्याचे कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. तज्ज्ञांची एवढी मोठी फौज हाताशी असता ज्या प्रश्नावर दोन जबाबदार मंत्र्यांचे एकमत झाले नाही, त्याच जातीच्या प्रश्नावर आपण चावडीवर अर्ध्या तासात निकाल देतो, हे योग्य आहे काय?

अशा निकालाचे एक उदाहरण माझ्या नात्यातील घरी घडले. त्यांच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसविलेला होता. एका कापसाच्या हंगामात पंप रात्री आपोआप चालू होऊ लागला. एके सकाळी अर्धा एकर कापूस पाण्यात उभा दिसला. शेजारचा बांध भाऊबंदाचा आणि बांधावरून जुना वाद. मग काय, त्यानेच कोठून तरी स्टार्टरचा क्रमांक मिळविला, असे ठरून गेले. दोन घरांचे बोलणे बंद झाले, लग्नाचे आवतणही गेले नाही.

पुढे घरातील मुलीने एक वही घातली. रात्री थ्री-फेज वीज किती वाजता आली व पंप किती वाजता चालू झाला, एवढेच ती लिही. नऊ रात्री पंप आपोआप चालू झाल्याची नोंद झाली. त्यांपैकी सात रात्री वीज आल्याबरोबर पंप सुरू झालेला दिसला. म्हणजे स्टार्टर ‘ऑटो’वर राहिला होता आणि ती चूक घरचीच होती. उरलेल्या दोन रात्री मात्र वीज येऊन तासाहून अधिक काळ लोटल्यावर पंप चालू झाला होता. तेव्हा स्टार्टरमध्ये कोणाकोणाचे मोबाईल क्रमांक नोंदलेले आहेत, हे पाहिले. दोन घरचे होते. तिसरा होता यंत्र बसविणाऱ्या कारागिराचा. चाचणीसाठी घातलेला व तसाच राहिलेला. त्याने आपल्या मोबाईलमधील यादी पाहिली, तेव्हा त्या दोन्ही वेळा तेथे सापडल्या. दुसऱ्या गावच्या पंपास लावावयाचा फोन त्याने चुकून या पंपास लावला होता. ना वैरी, ना हल्ला. परंतु दार उघडे होते हे खरे. आणि त्या दारातून चुकून एक शिरला, तसा मुद्दाम दुसराही शिरला असता. भाऊबंदाच्या घरी जाऊन माफी मागणे हे त्या हंगामातील सर्वांत अवघड काम ठरले.

ओळखावे कसे, शोधावे कसे

कापसावरील गुलाबी बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाय योजावा, असा दंडक आहे. एक पतंग दिसताच कोणी फवारणी करीत नाही आणि बोंडे सडेपर्यंत कोणी थांबतही नाही. यंत्रांच्या बाबतीतही असाच सापळा लावला पाहिजे, आणि तो सापळा म्हणजे नोंदवही होय.

नित्याची स्थिती माहीत असल्यावाचून अनित्य ओळखू येत नाही. पंप रोज किती तास चालतो, एका पाळीत किती पाणी जाते, मोबाईलचा डेटा महिन्याला किती खर्च होतो, हे लिहून ठेवावे. कॅमेऱ्याचा डेटा अकारण दुप्पट झाला, तर तो कोणाशी तरी बोलत आहे असा संशय घेण्यास जागा आहे. ओलाव्याचे यंत्र काही सांगो, चार ठिकाणची मूठभर माती हातात घेऊन पाहावी. यंत्राची साक्ष दुसऱ्या साक्षीने पडताळून घ्यावी.

काही विपरीत घडलेच तर प्रथम साधी कारणे तपासावीत. विजेचा दाब, उंदराने कुरतडलेली वायर, सिमचा संपलेला रिचार्ज, तुंबलेला फिल्टर, वीज पडून जळालेले सर्किट ही नेहमीची कारणे होत. ती नसल्याची खात्री झाल्यावर पाटकऱ्याप्रमाणे वर वर चालत जावे. प्रथम यंत्राची दूरनियंत्रणाची सोय बंद करून ते हाताने चालवावे. दोष तरीही राहिला, तर तो यंत्रातच आहे. दोष थांबला, तर तो बाहेरून येणाऱ्या हुकुमात आहे. मग एक एक वाट चालू करून पाहावी : आधी केवळ स्वतःचा मोबाईल, मग मुलाचा, मग कंपनीचे ॲप. ज्या वाटेबरोबर दोष परत येतो ती वाट संशयास्पद समजावी. घाबरून यंत्र ‘रिसेट’ करू नये व ॲप पुसून टाकू नये. तसे केल्याने चोराची पावले आपल्याच हाताने पुसली जातात. पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि तारीख, तास व मिनिट लिहून ठेवावे.

वेळेच्या अचूकतेवर मी इतका भर देतो, त्यास कारण आहे. इंटरनेटवर एकाच पत्त्यामागे एका वेळी अनेक मोबाईल असू शकतात. अमुक पत्त्यावरून हुकूम आला एवढे कळून भागत नाही. नेमक्या कोणत्या क्षणी आला हे सांगितले, तरच तपास करणाऱ्यास त्या अनेकांतून एक निवडता येतो. आपले घड्याळ पाच मिनिटे पुढे असले, तर निराळाच मनुष्य गोत्यात येईल. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने एप्रिल 2022 मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरविणाऱ्या कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या यंत्रणांतील नोंदी 180 दिवस जपावयाच्या आहेत, आपली घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवावयाची आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावयाच्या आहेत. यास्तव शेतकऱ्याने तक्रार लेखी व तत्काळ करावी. सहा महिने लोटल्यावर तपासास नोंद शिल्लक राहीलच असे नाही. पैशाची फसवणूक झाली असेल, तर 1930 या क्रमांकावर त्याच घटकेला कळवावे. पंप चालविणारा मोबाईल आणि बँकेचा मोबाईल बहुधा एकच असतो, म्हणून पीएम किसान वगैरे योजनांच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईल कधीही उघडू नये.

माझे मत

येथवर शेतकऱ्याने काय करावे ते सांगितले. परंतु सर्व भार त्याच्याच शिरावर टाकणे अन्यायाचे होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्र बसले की नाही, हे आज मोका तपासणीत पाहिले जाते. ते यंत्र कोणाच्या हुकमात आहे, हे पाहिले जात नाही. अनुदानाच्या प्रत्येक जोडलेल्या यंत्राच्या तपासणीत तीन प्रश्न असले पाहिजेत. कारखान्याचा पासवर्ड शेतकऱ्यासमक्ष बदलला काय? बसविणाऱ्याचा क्रमांक यादीतून काढला काय? इंटरनेट व मोबाईलवाचून यंत्र हाताने चालविता येते काय? या तीन प्रश्नांस पैसा लागत नाही. लागतात ती पंधरा मिनिटे.

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व एप्रिल 2023 मध्ये इस्राएलमध्ये दिसून आले. तेथील जॉर्डन खोऱ्यातील काही शेतांवरील ओलिताची नियंत्रक यंत्रे हल्लेखोरांनी बंद पाडली. ज्यांनी सरकारी इशाऱ्यानंतर दूरनियंत्रण तोडून हाताने ओलित चालू ठेवले होते, ते मात्र बचावले. हाताने व्हॉल्व्ह फिरविण्याची सवय मोडू नये, हाच याचा अर्थ.

दुसरी सूचना हवामान केंद्रांविषयी आहे. केळीच्या हवामानाधारित विम्याची भरपाई या केंद्रांच्या आकड्यांवर ठरते. कमी तापमान, अधिक तापमान, वेगाचा वारा, यांच्या एकेका आकड्यावर एका मंडळातील शेकडो कुटुंबांचे वर्ष अवलंबून असते. असे असता ते आकडे रोजच्या रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का लिहिले जाऊ नयेत? शेजारच्या चारही मंडळांत पारा उतरला आणि एकट्या मध्यल्या मंडळात तो स्थिर राहिला, तर ते दहा शेतकऱ्यांच्या नजरेस त्याच दिवशी येईल. मग यंत्र बिघडले, त्यावर झाडाची फांदी आली, की कोणी छेडछाड केली, याची तपासणी ताज्या पुराव्यावर होईल. उघड्यावर लिहिलेला आकडा हा बंद खोलीतल्या आकड्यापेक्षा अधिक सुरक्षित असतो.

तिसरी सूचना ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांस. ज्यांना गाव अद्याप जुन्या सवयीने ग्रामसेवक व कृषी सहायक म्हणते, त्या बंधुभगिनींकडे अशी तक्रार प्रथम येईल. त्यांनी तज्ज्ञ व्हावे अशी अपेक्षा नाही. मात्र ‘कोणी केले’ या प्रश्नाने नव्हे, तर ‘केव्हा घडले व कोठून घडले’ या प्रश्नाने त्यांनी चौकशीस आरंभ करावा, एवढी अपेक्षा आहे.

काही वडीलधारे म्हणतील की, ही यंत्रेच नकोत. ते मला मान्य नाही. रात्रीच्या पाळीत विंचूकाट्यातून आणि बिबट्याच्या भीतीतून विहिरीवर जाण्याचे ज्याचे चुकले आहे, त्यास यंत्राची किंमत विचारावी. यंत्र अवश्य असावे; मात्र त्याची किल्ली आपल्या हाती असावी, त्याची वही आपल्या घरी असावी आणि त्याच्या चुकीचा दोष पुराव्यावाचून शेजाऱ्याच्या माथी मारला जाऊ नये. पाणी गेले तर पुढच्या पाळीत मिळते. बांधापलीकडचे माणूस तुटले, तर ते सहजासहजी परत जोडता येत नाही.